पहिली वाट, दुसरी वाट : वसईचे वाचलेले कागद आणि आजचा बॅकअप

वसईच्या किल्ल्यात आज तटबंदी आहे, बुरूज आहेत, छप्पर उडालेली चर्चे आहेत. दप्तर मात्र नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे ती खाली झाली. मधल्या दोनशे पाच वर्षांत पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचा कारभार येथून चालला. त्या काळी कोणत्या गावाचा महसूल किती होता, भाताचे मुडे किती येत, हे आज वाचता येते. पण ते वसईत बसून नव्हे. त्यासाठी गोव्याला जावे लागते, लिस्बनला जावे लागते. मोहिमेची मराठी बाजू वाचायची तर पुण्याला.

इतिहासाच्या धाग्यात संगणकाचा बॅकअप कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी उत्तर इतकेच आहे. वसईला जो इतिहास आहे तो वसईबाहेर राहिलेल्या प्रतींमुळे आहे.

आज हा प्रश्न पुन्हा दाराशी आला आहे. वसई-विरारमध्ये घरोघरच्या मोडी कागदांची स्कॅन, सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, बुजवल्या गेलेल्या तळ्यांची आणि पाडलेल्या वाड्यांची छायाचित्रे तरुण मंडळी गोळा करीत आहेत. त्याच शहरात पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था आपली खाती सॉफ्टवेअरवर नेत आहेत. दोन्हीकडे बॅकअपची व्यवस्था पुष्कळदा सारखीच असते : कपाटात एक हार्ड डिस्क आणि आपोआप सिंक होणारे एक फोल्डर. मूळ कागद तोवर वाळवीने खाल्लेला किंवा घरासोबत गेलेला असतो. म्हणजे स्कॅन ही प्रत राहत नाही, तीच मूळ ठरते.

या धाग्याचे म्हणणे असे की पद्धत निवडताना प्रती किती आहेत हे मोजण्याआधी एकाच आपत्तीचा हात त्यांपैकी किती प्रतींपर्यंत पोहोचतो हे मोजावे. आणि हे शहाणपण नवे नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांना ते ठाऊक होते.

गोव्याचा व्हाइसरॉय आणि लिस्बनचा दरबार यांच्यातील महत्त्वाचे पत्र एकाच जहाजाने जात नसे. त्याच्या दोन-तीन प्रती होत आणि त्या वेगवेगळ्या जहाजांवर चढत. प्रत्येक प्रतीवर ती कितवी ते लिहिलेले असे. पोर्तुगीज शब्द 'व्हिया', म्हणजे वाट : पहिली वाट, दुसरी वाट, तिसरी वाट. जहाज बुडेल, शत्रू पकडेल, वारा चुकेल, हे गृहीत धरूनच पत्र लिहिले जाई. मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालणारा हा पत्रव्यवहार गोव्याच्या पुराभिलेखागारात 'मोसमी ग्रंथ' या नावाने जतन झाला आहे. या पद्धतीत कसलीही हुशारी नाही. साधी, महाग, कंटाळवाणी नक्कल आहे. मात्र ती करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली : दोन प्रती एका गलबतात ठेवायच्या नाहीत.

ज्याने ही शिस्त जपायची त्याच्यावरच काय वेळ आली, ते पाहण्यासारखे आहे. १५९५ मध्ये गोव्यात दप्तरखाना स्थापण्याचा हुकूम निघाला आणि दियोगो दो कौतो त्याचा रक्षक झाला. पोर्तुगिजांच्या आशियातील इतिहासाची 'दशके' हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. सहाव्या दशकाला लिस्बनमध्ये मुद्रकाच्या घरी आग लागली. सातव्याचे हस्तलिखित नेणारे जहाज शत्रूच्या हाती पडले. आठवे आणि नववे तो आजारी असताना त्याच्या घरातून चोरीस गेले. सातवे त्याने पुन्हा पाठवले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. आठवे-नववे मात्र म्हातारपणी, आठवणीच्या आधारे, त्याला संक्षेपाने पुन्हा लिहावे लागले. आज हातात आहे तो तो संक्षेप. अकरावे दशक हरवले ते हरवलेच. आग, समुद्र, चोर : चार दशकांवर तीन वेगळी संकटे आली, आणि जिथे दुसरी प्रत दुसऱ्या हाती नव्हती तिथे लेखकाची स्मरणशक्ती हाच बॅकअप उरला.

त्यानंतरची गोष्ट त्याहून बोलकी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला भूकंप झाला. नदीकाठचा राजवाडा कोसळला, जळाला आणि त्याबरोबर 'कासा द इंडिया' या व्यापारखात्याचे दप्तर नष्ट झाले. गोव्यातले कागद हजारो मैलांवर शाबूत होते. इथवर 'वाटां'ची व्यवस्था जिंकली. पुढे १७७० च्या दशकात पोंबालच्या आज्ञेने गोव्यातील मोसमी ग्रंथांचे साठहून अधिक खंड लिस्बनला पाठवले गेले. नक्कल नव्हे, मूळ खंडच. ते सुखरूप पोहोचले, १८८० पासून छापलेही जाऊ लागले. पण हा दैवाचा कौल होता, योजनेचा नव्हे. फोनमधली जागा भरली म्हणून सगळी छायाचित्रे हार्ड डिस्कवर टाकून फोन मोकळा करणारा आजचा मुलगा नेमके हेच करतो. वस्तूची जागा बदलली, प्रत वाढली नाही. याला बॅकअप म्हणण्याची सवय सोडली पाहिजे.

आता पुण्याकडे वळावे, कारण सॉफ्टवेअरवाल्यांचा खरा वाद पेशवे दफ्तराच्या भाषेत फार सोपा होतो.

हुजूर दफ्तरात रोजकीर्द असे : त्या दिवशीचे हुकूम, जमा, खर्च, घडले त्या क्रमाने. तिच्यावरून खतावणी होई, म्हणजे त्याच नोंदी खात्याखात्याने लावलेल्या. आणि वर्षाअखेर ताळेबंद व तर्जुमे, म्हणजे सगळ्याचा एकत्रित गोषवारा. चालते दफ्तर रोजच्या कारभारासाठी. एकबेरीज दफ्तर मात्र पुण्यातच राही आणि तिथे सगळीकडचे हिशेब जमून वर्गवार लागत. शिवाय गावचे कागद कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे. एकाच वसुलाची नोंद तीन ठिकाणी, तीन हातांची. ती एकमेकांवर विश्वास ठेवून नव्हे, एकमेकांना पडताळता यावी म्हणून.

बॅकअपच्या तीन प्रचलित पद्धती यावरून समजतात. फुल बॅकअप म्हणजे दर वेळी सगळे दफ्तर नव्याने उतरवणे. इन्क्रिमेंटल म्हणजे रोजकीर्द : कालच्या प्रतीनंतर जे बदलले तेवढेच. डिफरन्शियल या दोहोंच्या मधे : शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर आजपर्यंत जे जे बदलले ते सगळे, दर रात्री पुन्हा.

उदाहरणादाखल एखाद्या पतपेढीचा डेटा १०० जीबी धरावा आणि रोज नवा बदल २ जीबी. दर रात्री पूर्ण प्रत घेतली तर आठवड्याला ७०० जीबी लागतील. रविवारी पूर्ण आणि सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल केले तर ११२. रविवारी पूर्ण आणि पुढे डिफरन्शियल केले तर १४२. जागेच्या हिशेबात इन्क्रिमेंटल जिंकते आणि बहुतेक चर्चा इथेच संपते. ती इथे संपू नये. शनिवारच्या रात्रीनंतर मशीन बंद पडले तर इन्क्रिमेंटलमध्ये सात तुकडे क्रमाने लावावे लागतील. त्यातला बुधवारचा खराब निघाला तर मंगळवारच्या पुढे जाता येणार नाही. डिफरन्शियलमध्ये तुकडे दोनच : रविवारचा आणि शनिवारचा. तीस जीबीची बचत आणि पाच तुकड्यांची अधिक भीती यांत काय निवडायचे? मोठ्या कंपनीकडे रात्रपाळीचे तज्ज्ञ असतात, त्यांनी हवे ते निवडावे. नालासोपाऱ्याच्या एका पतपेढीत त्या सकाळी एकच कारकून असतो, काउंटरपुढे रांग असते आणि संगणक दुरुस्त करणारा फोन उचलत नसतो. तिच्यासाठी डिफरन्शियल, किंवा सरळ आठवड्याची पूर्ण प्रत, हाच शहाणपणा.

रोजकिर्दीवरच सगळी भिस्त ठेवण्याचा धोका दफ्तरानेही दाखवला आहे. नाना फडणिसांच्या काळापर्यंत नेटकी असलेली ही व्यवस्था १७९६ नंतर, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, ढासळली. नेमणुका कमी झाल्या, नोंदी तुटक झाल्या आणि लोकांना दफ्तरातून कागद नेऊ देण्यापर्यंत मजल गेली. साखळीचा कडा एकदा तुटला की पुढच्या कड्यांचा अर्थ लावणे अवघड होते. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतले तेव्हा जुन्या काळापेक्षा अलीकडच्या काळाचे कागद अधिक विस्कळीत होते, ही विसंगती म्हणूनच उद्भवली.

गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. वसई मोहिमेची पत्रे त्यांत आहेत. छापील खंड घरोघर, ग्रंथालयोग्रंथालयी गेले. म्हणून चिमाजी आप्पांच्या छावणीतला पत्रव्यवहार आता एका इमारतीच्या दैवावर अवलंबून नाही. पण ती निवड आहे, पूर्ण प्रत नव्हे. हजारो रुमाल अजूनही एकाच ठिकाणी आहेत. मोडी दस्तऐवजाचे मोबाइलने काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेले छायाचित्र हीदेखील अशीच निवड असते. ते आकाराने लहान केलेले, कडा कापलेले आणि पाठीमागची नोंद वगळलेले असते. वाचायला पुरेल, जतन म्हणून ते पुरेसे मानू नये.

आता सिंकविषयी, कारण आजची सर्वांत मोठी गैरसमजूत तीच आहे. दोन ठिकाणचा डेटा क्षणाक्षणाला जुळता ठेवणे हे यंत्र बिघडले तर काम थांबू नये म्हणून उत्तम. पण चूक झाली, किंवा कोणी मुद्दाम विध्वंस केला, तर तीही त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी जाते. एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते.

याचे उदाहरण वसईपासून फार दूर नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक कोलमडले आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज अडले. कंपनीच्या नेटवर्कची ओळखपाळख सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांशी सतत जुळते ठेवलेले होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदम गेले. वाचला तो एकच, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याची डिस्क माणसाच्या हाती घानाहून नायजेरियाला, तिथून दुसऱ्याच्या हाती इंग्लंडला नेली गेली आणि तिच्यावरून जाळे पुन्हा उभे राहिले. दीडशे प्रतींपेक्षा एक तुटलेली प्रत कामी आली. वसई-विरारमध्ये वीज जाण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, पण असा उपयोग कोणाला सुचला नसेल.

म्हणून एक प्रत तरी तारेपासून अलग असली पाहिजे : डिस्क काढून ठेवलेली, किंवा क्लाउडवर ठराविक मुदतीपर्यंत खुद्द मालकालाही पुसता येणार नाही अशी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा मूळचा छायाचित्रांसाठी होता. इतिहासाच्या स्कॅनसाठीही तो अगदी बेतशीर आहे.

दुसरी जागा म्हणजे किती दूर? जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार जलमय झाले, नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाडीत अडकलेल्यांना बाहेर काढावे लागले आणि वीज बंद राहिली. त्या दिवशी तळमजल्यावरची डिस्क आणि शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावरची डिस्क यांत काही फरक नव्हता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा वसई आणि मुंबई हीदेखील एकाच आपत्तीतली दोन ठिकाणे झाली. क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. ती कुठल्यातरी गावातली इमारत असते आणि मोठ्या कंपन्या ते गाव निवडू देतात. किनाऱ्यावरच्या माणसाने घाटावरचे निवडावे.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे प्राण गेले, वरचे मजले जळाले. आगीनंतर पहिली विचारणा झाली ती आदर्श प्रकरणाच्या कागदांची. ते सीबीआयच्या ताब्यात असल्यामुळे सुरक्षित होते. तपासासाठी दुसऱ्या यंत्रणेने उचलून नेले म्हणून वाचले. इथे जतनाचे श्रेय जतनाच्या धोरणाला नाही.

वसईच्या चर्चमध्ये मात्र एक धोरण होते, आणि त्याची दखल इतिहासप्रेमींनी फारशी घेतलेली नाही. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुखाने बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्यांची प्रमाणित प्रत वर्षाअखेर बिशपच्या कार्यालयात पाठवायची होती. वेगळी जागा, वेगळा हात, ठरलेली मुदत : बॅकअपची तिन्ही अंगे यात आहेत. उणीवही यातच दिसते. बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या समासात त्या माणसाच्या विवाहाची नोंद वीस-पंचवीस वर्षांनी होते. आधीच पाठवलेल्या प्रतीला तिचा पत्ता नसतो. शिवाय मार्चमध्ये वही जळाली तर जानेवारीपासूनच्या नोंदी गेल्या. म्हणजे एक पूर्ण प्रत घेऊन ठेवली की काम झाले असे नाही. ती शिळी होते.

किती शिळी चालेल? सॉफ्टवेअरच्या जगात याला आरपीओ म्हणतात, आणि सगळे पुन्हा उभे राहायला किती वेळ चालेल त्याला आरटीओ. या दुसऱ्या अक्षरांनी मराठी माणसाला वेगळेच कार्यालय आठवते, पण ताटकळण्याचा भाव तोच. पतपेढीला एका तासाची नोंदही गमावून चालणार नाही, म्हणून तिला व्यवहारांची चालू रोजकीर्द आणि रात्रीची प्रत दोन्ही हवीत. किल्ल्याच्या छायाचित्रांना महिन्याची मुदत पुरे. ती परतायला आठवडा लागला तरी बिघडत नाही. दोघांनी एकच पद्धत घेणे म्हणजे एकाने उगाच खर्च करणे, किंवा दुसऱ्याने उगाच जुगार खेळणे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रती वाढल्या की गळतीची भोकेही वाढतात. खातेदारांची ओळखपत्रे, मुलाखतीत सांगितलेली घरगुती भांडणे, जमिनीच्या वादातले कागद पाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी स्पष्टही केली आहे. तोडगा म्हणून प्रती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट कराव्यात. मात्र किल्ली हरवली तर डेटा असून नसल्यासारखा. हे समजण्यासाठी मोडीकडे पाहावे. घरात पणजोबांचे दप्तर आहे, शाई टवटवीत आहे, कागद धड आहे आणि वाचणारा नाही. म्हणून किल्ली डेटाजवळ ठेवू नये आणि एकाच माणसाच्या डोक्यातही ठेवू नये.

राहिली पडताळणी, जी कोणी करीत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. एकीत आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस प्रतच तयार होत नव्हती आणि तशी सूचना देणारे मेल पोहोचत नव्हते. बाकीच्याही ऐन वेळी उपयोगी पडल्या नाहीत. कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवले. गावाच्या आकड्यापुढे परगण्याचा आकडा धरणाऱ्या कारकुनाकडून प्रत वापरून पाहण्याचे काम आपोआप होत असे. आज ते मुद्दाम ठरवून करावे लागते.

वसई-विरारमधल्या स्कॅनसंग्रहांपुरते बोलायचे तर खर्च फार नाही. दोन डिस्क, एक क्लाउड खाते. एक डिस्क काम करणाऱ्याकडे, दुसरी घाटावरच्या एखाद्या मित्राकडे, आणि दर चार महिन्यांनी अदलाबदल. क्लाउडवर सिंकऐवजी जुन्या आवृत्त्या राखणारी प्रत. फाइलच्या नावात गाव, घराणे आणि तारीख, म्हणजे गोळा करणारा परगावी गेला तरी पुढच्याला अर्थ लागेल. आणि अदलाबदलीच्या दिवशी कोणतेही दहा स्कॅन परत आलेल्या डिस्कवरून, दुसऱ्या संगणकावर, उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.